मुंबई गोदीतील जहाजरचना आणि सागरी अभियांत्रिकी : अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांच्या कार्याचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठवाड्यातील इतिहासाच्या अध्यापकाने जहाजबांधणीवर लिहावे, हे प्रथमदर्शनी काहीसे विसंगत वाटण्याची शक्यता आहे. जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. समुद्र मात्र सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीसारख्या गावातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याने अनेकदा समुद्र पाहिलेलाही नसतो. तथापि याच गोदावरीच्या काठावरील प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, ही सातवाहनांची राजधानी होती. त्यांच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांच्या जहाजाची प्रतिमा आढळते. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण व तेर येथील माल गाड्यांतून भडोच बंदरास जात असल्याचा उल्लेख आहे. समुद्र आणि पठार यांचा संबंध असा दोन हजार वर्षे जुना आहे.

मराठी इतिहासलेखनात आरमाराचा विषय उपेक्षित राहिला, असे म्हणता येणार नाही. शिवाजी महाराजांचे जलदुर्ग, कान्होजी आंग्रे यांचा पराक्रम, १७५६ मधील विजयदुर्गचा पाडाव यांवर विपुल लेखन झाले आहे. मात्र या लेखनाचा भर लढाया, किल्ले आणि तह यांवर आहे. जहाज कसे रचले जात होते, त्याचे मोजमाप कोण ठरवीत असे, रचनेतील चुका कशा लक्षात येत आणि त्यांतून पुढचे जहाज कसे सुधारले जाई, हे प्रश्न फारसे विचारले गेले नाहीत. ज्ञानाचा हा इतिहास मुंबईच्या गोदीत विशेष स्पष्टपणे पाहता येतो.

अभ्यासाची उद्दिष्टे आणि व्याप्ती

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) मुंबई गोदीतील कारागिरी ही शास्त्रीय संशोधनाच्या कोणत्या पायरीवर होती, हे तपासणे; (२) वाफेच्या आगमनानंतर अर्देशीर कर्सेटजी यांनी केलेल्या कार्याचे मूल्यमापन करणे; (३) ही परंपरा खंडित होण्याची कारणे शोधणे. कालखंड मुख्यतः १७३६ ते १८५७ असा असून पूर्वपीठिका व उत्तरकाळ यांचा विचार आवश्यक तेवढाच केला आहे. मांडणीसाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून ती प्रकाशित दुय्यम साधनांवर आधारित आहे.

पूर्वपीठिका : आज्ञापत्रातील जहाजविचार

शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यानंतर तेथे जहाजबांधणीस प्रारंभ केला. सुरुवातीस पोर्तुगीज कारागिरांचे साहाय्य घेतले गेले; पुढे त्यांनी काम सोडले, तरी बांधणी थांबली नाही. या अनुभवाचे सार रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रातील आरमारविषयक प्रकरणात आले आहे. जहाजे फार मोठी नसावीत आणि फार लहानही नसावीत. केवळ वाऱ्यावर अवलंबून राहणारी अवाढव्य जहाजे उपयोगाची नाहीत, असा त्यातील आशय आहे. कोकणच्या खाड्या, उथळ किनारा आणि वारा पडल्यावर वल्ह्यांची लागणारी गरज यांचा विचार करूनच हा निष्कर्ष काढलेला दिसतो. आधुनिक परिभाषेत सांगायचे, तर वापराच्या परिस्थितीवरून रचनेचे निकष ठरविण्याचा हा प्रकार होय.

लाकडाविषयीचा आदेशही तितकाच महत्त्वाचा आहे. आंबा, फणस यांची लाकडे आरमाराच्या कामाची असली, तरी त्यांना हात लावू देऊ नये. कारण ती झाडे वाढण्यास बराच काळ लागतो आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे जोपासलेली असतात, असे अमात्य बजावतात. साधनसामग्रीचा असा दूरदृष्टीचा विचार त्या काळात दुर्मीळच म्हणावा लागेल. परंतु हा विचार राजनीतीच्या ग्रंथात राहिला. गुराब व गलबत बांधणाऱ्या सुतारांनी आपली मोजमापे लिहून ठेवण्याची परंपरा निर्माण झाली नाही. १७५६ मध्ये पेशव्यांच्या संमतीने इंग्रजांनी विजयदुर्गवर हल्ला केला व तुळाजी आंग्रे यांचे आरमार जाळले. त्या आगीत जहाजांबरोबर त्यांच्या रचनेचा पुरावाही नष्ट झाला.

वाडिया घराणे आणि सागवानी जहाजे

याच सुमारास मुंबईत वेगळी घडामोड चालू होती. १७३६ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेचे कसबी सुतार लवजी नसरवानजी वाडिया यांना मुंबईस आणले. १७५० मध्ये तेथे सुकी गोदी बांधली गेली. ती आशियातील पहिली मानली जाते. सुक्या गोदीमुळे जहाजाचा पाण्याखालचा भाग उघडा करून तपासता येऊ लागला. कोणती फळी कुजली, कोठे किडीने लाकूड पोखरले, कोणता सांधा ढिला झाला, हे प्रत्यक्ष दिसू लागले. जहाजाच्या दोषांचे असे नियमित निरीक्षण हीच या गोदीची पहिली प्रयोगशाळा होती, असे म्हणणे वावगे ठरू नये.

सागवानाची निवडही अशाच निरीक्षणावर आधारलेली होती. युरोपात जहाजांसाठी ओक वापरीत. ओकमधील आम्लामुळे लोखंडी खिळे झिजतात आणि खिळ्याभोवतीचे लाकूडही खराब होते. सागवानातील तेलामुळे असे होत नाही. शिवाय ते वाळवीस व कुजण्यास दीर्घकाळ तोंड देते. सुरत-मुंबईच्या कारागिरांची फळ्या जोडण्याची रीतही वैशिष्ट्यपूर्ण होती. एका फळीच्या कडेला खाच पाडून तिच्यात दुसऱ्या फळीची कड बसविली जाई आणि सांध्यात राळेबरोबर कापूस भरला जाई. त्यामुळे सांधा पाण्यास अभेद्य होत असे.

ब्रिटिश नौदलास युद्धकाळात ओकची टंचाई भासू लागली, तेव्हा या गुणांची दखल घेणे भाग पडले. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेले ७४ तोफांचे ‘मिंडेन’ १८१० मध्ये पाण्यात उतरले. इंग्लंडबाहेर बांधलेल्या ब्रिटिश नौदलाच्या मोजक्या मोठ्या लढाऊ जहाजांपैकी हे एक होय. त्यानंतर १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’, १८१५ मध्ये ‘वेलस्ली’, १८१७ मध्ये ‘त्रिंकोमाली’ आणि १८२४ मध्ये ‘एशिया’ ही जहाजे तयार झाली. १८४२ चा नानकिंगचा तह ‘कॉर्नवॉलिस’वर झाला. १८२७ च्या नॅव्हरिनोच्या लढाईत ‘एशिया’ हे ब्रिटिश सेनानीचे ध्वजजहाज होते. ‘वेलस्ली’ १९४० मध्ये जर्मन विमानहल्ल्यानंतर बुडाले. म्हणजे ते सव्वाशे वर्षे टिकले. ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगत आहे.

आराखड्याची मालकी

वरील यादी अभिमानास्पद आहे. परंतु अभिमानापाशी थांबल्यास एक मूलभूत प्रश्न निसटतो. या जहाजांचे आराखडे कोणाचे होते? ‘त्रिंकोमाली’ ज्या वर्गातील फ्रिगेट आहे, त्या वर्गाची रचना ‘हेब’ या फ्रेंच जहाजावरून घेतलेली होती. ब्रिटिशांनी ते १७८२ मध्ये पकडले, त्याच्या रेषा मोजल्या आणि त्यावरून आपले आराखडे तयार केले. म्हणजे कल्पना फ्रान्समधील, रेखाटन इंग्लंडमधील, तर लाकूड आणि हात हिंदुस्थानातील, अशी ही विभागणी होती.

याच संदर्भात १८१२ मधील एक घटना उद्बोधक आहे. मुंबईत बांधावयाच्या जहाजांचे आराखडे ‘जावा’ या ब्रिटिश फ्रिगेटवरून पाठविण्यात आले होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ते जहाज जिंकले व नष्ट केले. आराखडे मुंबईस पोहोचलेच नाहीत. ‘त्रिंकोमाली’चे काम नवीन आराखडे येईपर्यंत लांबले. ‘वेलस्ली’बाबत मात्र वेगळा मार्ग निघाला. मुंबईतच नुकत्याच बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’च्या रेषांवर ते बांधले गेले.

या एकाच प्रसंगातून मुंबई गोदीचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही व्यक्त होतात. बांधलेल्या जहाजाच्या रेषा राखून त्यांवरून ७४ तोफांचे दुसरे जहाज उभे करणे, हे केवळ हातकाम नव्हे. त्यासाठी भूमितीचे पक्के ज्ञान आणि मोजमापाची काटेकोर शिस्त लागते. मात्र नवी रेषा आखण्याचा अधिकार गोदीकडे नव्हता. बांधणी मुंबईची आणि रचना लंडनची, ही विभागणी लाकडी जहाजांच्या काळात फारशी जाचक ठरली नाही. कारण जहाजाचा आकार पिढ्यान्‌पिढ्या सावकाश बदलत होता. वाफ आल्यावर परिस्थिती पालटली.

वाफेचे आव्हान

गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत मुंबई गोदीत नवरोजी जमशेटजी वाडिया यांनी ‘ह्यू लिंडसे’ हे ४११ टनांचे वाफेचे जहाज बांधले. त्यात प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन इंग्लिश यंत्रे होती. २० मार्च १८३० रोजी ते सुएझकडे निघाले. जहाजात कोळशासाठी ठेवलेली जागा या अंतरासाठी फारच अपुरी होती. म्हणून मिळेल त्या जागी कोळसा भरण्यात आला. परिणामी जहाज पाण्यात धोकादायक खोलीपर्यंत बसले आणि एडन गाठेपर्यंत कोळसा जवळजवळ संपला. तरीही ३३ दिवसांत ते सुएझला पोहोचले.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने या सफरीतून तीन प्रश्न पुढे आले. पहिला, यंत्र आणि बाष्पक यांचे वजन जहाजाच्या मध्यभागी एकवटते. लाकडी सांगाड्याने ते कसे पेलावे? दुसरा, प्रवासात कोळसा जळत जातो, जहाज हलके होऊन वर येते आणि बाजूची चाके पाण्यात कमी बुडतात. मग त्यांची उंची कोणत्या स्थितीस अनुसरून ठेवावी? तिसरा, अंतर वाढविण्यासाठी कोळसा वाढवावा, तर जहाज जड होते आणि जड जहाजास अधिक कोळसा लागतो. या चक्रातून मार्ग कसा काढावा? या प्रश्नांची उत्तरे केवळ वंशपरंपरागत अनुभवातून मिळणे शक्य नव्हते. त्यासाठी यंत्रशास्त्र, धातुविद्या आणि जलगतिशास्त्र यांची गरज होती.

अर्देशीर कर्सेटजी : कारागिरीकडून विज्ञानाकडे

हे अंतर ओलांडणारी पहिली व्यक्ती म्हणजे अर्देशीर कर्सेटजी वाडिया. त्यांचा जन्म १८०८ चा. वयाच्या चौदाव्या वर्षी, १८२२ मध्ये, ते गोदीत दाखल झाले. घराण्याचा व्यवसाय लाकडाचा असला, तरी त्यांचा ओढा यंत्रांकडे होता. १८३३ मध्ये त्यांनी ‘इंडस’ हे सुमारे ६० टनांचे वाफेचे जहाज पाण्यात उतरविले. आपल्या निवासस्थानी त्यांनी लहानशी ओतशाळा उभारली. १८३४ मध्ये माझगाव येथील बंगला व बाग त्यांनी कोळशाच्या वायूच्या दिव्यांनी उजळून दाखविली. ते पाहण्यासाठी गव्हर्नर लॉर्ड क्लेअर स्वतः आले होते. या गोष्टींकडे हौस म्हणून पाहिले जाते. वस्तुतः वायू तयार करणे, तो नळांतून वाहून नेणे आणि त्याचा दाब राखणे ही कौशल्ये वाफेच्या यंत्रविद्येशी निगडित होती.

याच घराण्यातील जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे तरुण १८३८ मध्ये इंग्लंडला गेले आणि चॅथमच्या गोदीत त्यांनी जहाजरचनेचे शिक्षण घेतले. अडीच वर्षांच्या वास्तव्याचा वृत्तान्त त्यांनी १८४१ मध्ये प्रसिद्ध केला. पाठोपाठ १८३९ मध्ये अर्देशीर यांनी खुष्कीच्या मार्गाने इंग्लंड गाठले. तेथील यंत्रशाळा, ओतशाळा व गोद्या त्यांनी बारकाईने पाहिल्या. त्यांच्या प्रवासाची रोजनिशी १८४० मध्ये प्रकाशित झाली. एकाच घराण्यातील तिघांनी जवळपास एकाच वेळी परदेशात जाऊन नवी विद्या आत्मसात करणे आणि तिघांनीही आपला अनुभव ग्रंथरूपाने मांडणे, ही घटना लक्षणीय आहे. तोंडी चालत आलेले ज्ञान लेखनाच्या उंबरठ्यावर आल्याचे हे चिन्ह होते.

१ एप्रिल १८४१ रोजी अर्देशीर यांनी मुंबईतील कंपनीच्या वाफेच्या कारखान्याचे मुख्य अभियंता व यंत्रनिरीक्षक म्हणून सूत्रे हाती घेतली. त्यांच्या हाताखाली इंग्रज कारागीर काम करणार होते. एका ‘नेटिव्ह’ने, तो कितीही हुशार असला तरी, इंग्रज कामगारांवर अधिकार चालवावा, याविषयी मुंबईतील इंग्रजी वृत्तपत्रातून नापसंती व्यक्त झाली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, २७ मे १८४१ रोजी, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांची सदस्य म्हणून निवड केली. हा सन्मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. त्यांच्यानंतर असा सन्मान श्रीनिवास रामानुजन यांना मिळाला. परंतु त्यास १९१८ हे वर्ष उजाडावे लागले.

पुढे १८५१ मध्ये अर्देशीर यांनी ‘लवजी फॅमिली’ हे वाफेचे जहाज बांधले. १८५७ मध्ये ते सेवेतून निवृत्त झाले. नंतर काही काळ सिंधू नदीवरील वाफेच्या जहाजांच्या कंपनीत त्यांनी काम केले. १८७७ मध्ये इंग्लंडमधील रिचमंड येथे त्यांचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने १९६९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

परंपरा खंडित का झाली?

रामानुजन यांच्यापूर्वीचा ७७ वर्षांचा रिक्त काळ हा प्रस्तुत अभ्यासाचा कळीचा प्रश्न आहे. बुद्धिमत्तेचा अभाव हे त्याचे कारण असू शकत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते पुढील कारणे विचारात घ्यावी लागतात.

(अ) *संस्थेचा अभाव* : गोदीतील ज्ञान घराण्यात आणि गुरु-शिष्य नात्यात संक्रमित होत होते. जहाजरचनेची शाळा मुंबईत निघाली नाही. १८५४ मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचे वर्ग सुरू झाले; परंतु त्यांचा हेतू सार्वजनिक बांधकाम खात्यास मनुष्यबळ पुरविणे हा होता. रस्ते व पूल शिकविले गेले, जहाज मात्र अभ्यासक्रमाबाहेर राहिले. अर्देशीर यांचे यश त्यामुळे व्यक्तिगत राहिले.

(आ) *साधनांचे परावलंबन* : सागवान येथे होते, पोलादी पत्रे आणि मोठी यंत्रे मात्र इंग्लंडहून येत. जहाजे लोखंडाची होऊ लागताच मुंबईचा नैसर्गिक लाभ संपुष्टात आला.

(इ) *राजकीय निर्णय* : १८६३ मध्ये कंपनीच्या परंपरेतील इंडियन नेव्ही बरखास्त करण्यात आली. मागणीच नाहीशी झाल्यावर गोदीचे रूपांतर दुरुस्तीच्या कारखान्यात होणे अपरिहार्य होते. १८८० च्या दशकात वाडिया घराण्यातील मुख्य बांधणीकाराचे पदही संपले.

(ई) *प्रायोगिक विज्ञानाचा उदय* : १८७२ मध्ये विल्यम फ्रूड यांनी टॉर्की येथे पाण्याचा लांब हौद बांधला आणि जहाजांच्या लहान प्रतिकृती ओढून पाण्याचा रोध मोजण्यास सुरुवात केली. प्रतिकृती व प्रत्यक्ष जहाज यांचे वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवले असता लाटांचे स्वरूप सारखे राहते, हे त्यांनी दाखवून दिले. जहाज बांधण्यापूर्वीच त्याची परीक्षा घेणे त्यामुळे शक्य झाले. ज्या काळात ही क्रांती घडत होती, त्याच काळात मुंबई गोदीचे सृजन थांबले होते.

येथे आणखी एक उणीव नोंदविणे आवश्यक आहे. मुख्य बांधणीकारांची नावे आपणास ज्ञात आहेत. त्यांच्या हाताखाली फळ्या तासणाऱ्या, सांधे भरणाऱ्या, लोखंड घडविणाऱ्या शेकडो कारागिरांची नाहीत. ज्ञानाचा इतिहास नोंदींवर उभा राहतो आणि नोंदी अधिकाराच्या पदांपाशी जमा होतात. कारागिरीस ‘विज्ञान’ न मानण्याची आपली सवयही या विस्मृतीस तितकीच जबाबदार आहे.

स्वातंत्र्योत्तर काळ : रचनेचा अधिकार

स्वातंत्र्यानंतर ही उणीव जाणीवपूर्वक भरून काढण्यात आली. खरगपूरच्या आयआयटीत १९५२ मध्ये जहाजरचनेचे शिक्षण सुरू झाले. १९६० मध्ये माझगाव डॉक शासनाच्या ताब्यात आला. १९६९ मध्ये विशाखापट्टणम येथे नौदलासाठी शास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. प्रतिकृतींच्या चाचण्यांसाठी तेथे पुढे लांब हौद उभारण्यात आला. माझगावात तयार झालेली ‘निलगिरी’ १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली. तिची रचना ब्रिटिश होती. म्हणजे ‘त्रिंकोमाली’च्या वेळची विभागणी दीडशे वर्षांनंतरही कायम होती.

ती मोडली १९८३ मध्ये, आणि ज्या फ्रिगेटने ती मोडली तिचे नाव ‘गोदावरी’ होते. भारतीय नौदलाच्या रचनाकारांनी जुन्या आराखड्याची लांबी सुमारे ११३ मीटरवरून १२६ मीटरपर्यंत वाढविली, दोन मोठी हेलिकॉप्टरे बसविली आणि यंत्रणा मात्र तेवढ्याच शक्तीची, ३०,००० अश्वशक्तीची, ठेवली. वजन बरेच वाढूनही वेगात अल्पशीच घट झाली. सडपातळ व लांब जहाजास लाटांचा रोध तुलनेने कमी होतो, या फ्रूडप्रणीत तत्त्वाचा हा प्रत्यय होता. २०१५ मध्ये ‘गोदावरी’ सेवामुक्त झाली. १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत नवी ‘निलगिरी’ नौदलात दाखल झाली. जुन्या ‘निलगिरी’चे नाव तिने घेतले; तिची रचना मात्र नौदलाच्या स्वतःच्या रचना विभागाची आहे.

निष्कर्ष

१. मुंबई गोदीतील कारागिरी ही निरीक्षण, मोजमाप आणि सुधारणा यांवर आधारलेली होती. तिला संशोधनाची पूर्वावस्था मानणे योग्य ठरेल.

२. आराखड्याचा अधिकार परकीय सत्तेकडे असल्याने बांधणीचे कौशल्य स्वतंत्र रचनाशास्त्रात परिणत होऊ शकले नाही.

३. अर्देशीर कर्सेटजी यांनी कारागिरी व विज्ञान यांतील अंतर ओलांडले; परंतु त्यांच्यामागे शिक्षणसंस्था उभी न राहिल्याने ती वाट पुढे रुळली नाही.

४. स्वातंत्र्योत्तर काळातील यश हे प्रामुख्याने संस्थांच्या उभारणीचे यश आहे.

समारोप

रॉयल सोसायटीचा सन्मान एका व्यक्तीस मिळाला, पण त्या व्यक्तीची विद्या शिकविणारा एकही वर्ग तिच्या शहरात निघाला नाही. हा अनुभव केवळ गोदीपुरता मर्यादित नाही. हुशार विद्यार्थी गावोगावी असतातच. त्याच्या जिज्ञासेला वर्ग, कार्यशाळा आणि पुढची पिढी लाभते की नाही, यावर ज्ञानपरंपरेचे भवितव्य ठरते. महाविद्यालयीन अध्यापकांनी या इतिहासाकडे पाहण्याचे प्रयोजन येथेच आहे. आपल्या नदीचे नाव धारण केलेली फ्रिगेट रचनेच्या स्वातंत्र्याची पहिली खूण ठरली, हे गोदाकाठच्या वर्गात सांगितले गेले, तर समुद्र न पाहिलेल्या विद्यार्थ्यालाही हा इतिहास परका वाटणार नाही.